हिल ऑफ ग्रेस: जुन्या वेलींच्या वाइनकडे पहिल्यांदा वळताना

वाइनची गोडी नुकती लागलेल्या माणसाला कधी ना कधी कोणी तरी सांगतंच, की ऑस्ट्रेलियातल्या हेन्श्की कुटुंबाची 'हिल ऑफ ग्रेस' एकदा तरी प्यायलाच हवी. मग तो किंमत बघतो. नव्या बाटलीला हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास. ती बघून काही जण 'येड लागलंय का' म्हणून विषय सोडून देतात, तर काही जण भारावून लगेच पैसे साठवायला लागतात. मला दोन्ही गोष्टी घाईच्या वाटतात. ही बाटली घ्यायची तर जरूर घ्या, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी करण्यासारखं, आणि बऱ्याच कमी पैशांत करण्यासारखं, खूप आहे. ते न करता थेट हिला हात घातला तर हजार डॉलर देऊन तुम्ही फक्त 'छान होती' एवढंच म्हणाल.

पायरी पहिली: आधी मळा समजून घ्या

दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या ईशान्येला बरोसा आहे. त्याचे दोन भाग: सखल, उबदार बरोसा व्हॅली आणि तिच्या पूर्वेच्या टेकड्यांवरची, थंड हवेची ईडन व्हॅली. हिल ऑफ ग्रेसचा मळा ईडन व्हॅलीत, सुमारे 400 मीटर उंचीवर आहे. रस्त्यापलीकडे ग्नाडेनबर्ग (जर्मनमध्ये 'कृपेची टेकडी', म्हणजेच 'हिल ऑफ ग्रेस') नावाचं जुनं लुथरन चर्च आहे, त्यावरूनच मळ्याला हे नाव पडलं. मळा जेमतेम 8 हेक्टरचा, आणि त्यातल्या साधारण निम्म्याच जमिनीवर शिराझ, म्हणजे जिची तांबडी वाइन होते ती काळ्या द्राक्षाची जात, आहे. जगभर जिचा बोलबाला आहे ती वाइन एवढ्याशा तुकड्यातून येते.

1838 पासून प्रशियातले लुथरन पंथाचे लोक धर्माच्या जाचाला कंटाळून दक्षिण ऑस्ट्रेलियात यायला लागले. योहान क्रिस्टियान हेन्श्की हा सायलेशियाचा माणूस 1841 मध्ये आला. घराण्याचा वाइनचा धंदा 1868 पासूनचा मानतात. मळ्यातल्या सगळ्यात जुन्या शिराझच्या वेली मात्र त्याच्याही आधीच्या, 1860 च्या सुमारास लावलेल्या आहेत. घरचे त्यांना 'आजोबा' म्हणतात.

त्या अजून जिवंत कशा, याचं उत्तर एका किडीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा नावाच्या, मुळांवर जगणाऱ्या बारीक किडीनं युरोपातले बहुतेक मळे खलास केले. उपाय सापडला तो अमेरिकी जातींच्या खुंटावर युरोपी वेलीचं कलम करण्याचा. आजही जगातल्या बहुतेक द्राक्षवेली अशा दुसऱ्याच्या मुळांवर उभ्या आहेत. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातही कीड पोचली, पण दक्षिण ऑस्ट्रेलियानं 1899 मध्येच कायदा करून वेली आणि रोपांच्या ये-जा करण्यावर लगाम घातला, आणि ते राज्य आजवर वाचलंय. त्यामुळे 'आजोबा' अजून स्वतःच्या मुळांवर उभे आहेत.

अशी वेल जवळून बघितली तर ती वेल वाटतच नाही. मांडीएवढं जाड, पिळवटलेलं खोड, मध्येच पोकळ झालेलं, साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटलेली. वरच्या काड्या मात्र दरवर्षी नव्या. तिच्यावर घड मोजकेच धरतात आणि मणी बारीक राहतात. बारीक मण्यात रसाच्या मानानं साल जास्त, आणि तांबड्या वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीतूनच येतो. या मळ्याला पाणी देत नाहीत. दीडशे वर्षं खाली खाली गेलेली मुळं कोरड्या वर्षातही ओल शोधून काढतात, म्हणून कडक उन्हाळ्यात कोवळी वेल माना टाकते तेव्हाही जुनी तग धरते.

आता एक सावधगिरीची गोष्ट, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. वेल जुनी झाली की वाइन आपोआप चांगली होते, हे प्रयोगांनी ठामपणे सिद्ध झालेलं नाही. उलट बाजूनं विचार करून बघा. 1980 च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियात द्राक्षं उदंड झाली, भाव पडले, तेव्हा सरकारनं वेली उपटण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले. कितीतरी जुने मळे तेव्हा साफ झाले. वाचले ते कोणाचे? ज्यांची द्राक्षं खरंच चांगली होती, किंवा ज्यांच्या मालकांचा मळ्यावर जीव होता. म्हणजे आज दिसणारे जुने मळे ही एक निवडलेली मंडळी आहे. माझ्या मते त्यांचा दर्जा जितका वयातून आलाय तितकाच या निवडीतून.

कुटुंबाच्या मालकीचा मुद्दा इथेच येतो. चौथ्या पिढीतल्या सिरिल हेन्श्कीनं 1958 मध्ये या मळ्याची वाइन पहिल्यांदा वेगळी बाटलीबंद केली. त्या काळात ऑस्ट्रेलियात गोड, फोर्टिफाइड (वरून दारू घालून कडक केलेल्या) वाइनचा खप जास्त होता, आणि एकाच मळ्याची कोरडी तांबडी वाइन वेगळी काढणं हे धाडसच होतं. 1979 मध्ये सिरिल गेल्यावर मुलगा स्टीफन आणि सून प्रू यांनी कारभार घेतला. तो वाइन बघतो, ती मळा. प्रूनं जुन्या वेलींतल्या उत्तम वेली हेरून, त्यांच्या काड्यांपासून रोपं करून पुढची लागवड उभी केली. आज लावलेली वेल 'जुनी' व्हायला नातवंडं-पतवंडं लागतात. तीन महिन्यांचा हिशेब बघणाऱ्या मालकाला हे काम सुचणं अवघडच.

आणि हो, बाटलीतलं प्रत्येक द्राक्ष 1860 च्या वेलीचं नसतं. त्याच मळ्यात 1910 च्या आणि 1950-60 च्या दशकांतल्या शिराझचेही तुकडे आहेत. प्रत्येकाची द्राक्षं वेगवेगळी काढून, वेगळी आंबवून, शेवटी कोणाचं किती घ्यायचं ते ठरवतात.

पायरी दुसरी: लेबल वाचायला शिका

'ओल्ड व्हाइन' या शब्दांना ऑस्ट्रेलियात कायद्याची व्याख्या नाही. वीस वर्षांच्या वेलीला जुनी म्हटलं तरी कोणी अडवत नाही. म्हणून नुसत्या या दोन शब्दांवर जास्तीचे पैसे देऊ नका. बरोसात मात्र एक सनद आहे, 'बरोसा ओल्ड व्हाइन चार्टर', 2009 मध्ये स्वीकारलेली. तिच्यात वेलींच्या चार श्रेणी आहेत: 35 वर्षांपुढे 'ओल्ड', 70 च्या पुढे 'सर्व्हायव्हर', 100 च्या पुढे 'सेंटेनेरियन' आणि 125 च्या पुढे 'ॲन्सेस्टर'. यातला एखादा शब्द, किंवा लागवडीचं वर्ष, लेबलवर असेल तर त्याला काही तरी वजन आहे. द्राक्ष आणि वाइनची आंतरराष्ट्रीय संघटना ओआयव्ही हिनंही 2024 मध्ये 35 वर्षं हीच किमान मर्यादा धरली.

बाकीच्या मजकुराला कायदा लागू आहे. लेबलवर द्राक्षाची जात, प्रदेश किंवा वर्ष दिलं असेल तर किमान 85 टक्के वाइन त्याच जातीची, त्याच प्रदेशातली, त्याच हंगामाची हवी. 'बरोसा' एवढंच लिहिलं असेल तर द्राक्षं व्हॅलीतली किंवा टेकड्यांवरची, कुठलीही असू शकतात. 'ईडन व्हॅली' लिहिलं असेल तर थंड भागातली. मागच्या बाजूला 'स्टँडर्ड ड्रिंक्स'चा (अल्कोहोल मोजायच्या तिथल्या ठरलेल्या मापाचा) आकडा असतो, तोही बघत चला. साडेचौदा टक्के अल्कोहोलच्या 750 मिलिलिटरच्या बाटलीत ते 8.6 भरतात. दोघांनी मिळून एक बाटली संपवणं म्हणजे काय, हे या आकड्यावरून लगेच कळतं.

पायरी तिसरी: खालून वर चढा

ही पायरी गाळू नका. या लेखातली सगळ्यात उपयोगाची हीच आहे.

आधी साध्या किमतीच्या दोन शिराझ घ्या, एक बरोसा व्हॅलीची आणि एक ईडन व्हॅलीची, शक्यतो एकाच वर्षाच्या. दोन्ही शेजारी शेजारी ओता. व्हॅलीची वाइन बहुधा जाड, पिकलेल्या काळ्या फळांची, थोडी चॉकलेटकडे झुकणारी लागेल. टेकडीवरची जरा सडपातळ, मिरीचा झणका असलेली, आंबटपणा जिवंत ठेवणारी. तो मिरीचा वास तुमच्या मनाचा खेळ नाही. रोटंडोन नावाचा एकच रेणू काळ्या मिरीत आणि शिराझच्या सालीत दोन्हीकडे असतो, आणि थंड जागी पिकलेल्या द्राक्षात जास्त उतरतो.

हा फरक डोळे मिटून ओळखता यायला लागला की मग जुन्या वेली. लँगमाइल या घरगुती वायनरीची 'फ्रीडम 1843' ही बरोसातल्या अतिप्राचीन वेलींची शिराझ आहे. व्हिक्टोरियात टाबिल्कची '1860 व्हाइन्स' आहे, 1925 पासून पर्ब्रिक कुटुंबाकडे असलेली. न्यू साउथ वेल्स राज्यातल्या हंटर व्हॅलीत टिरेल कुटुंबाची 1879 च्या वेलींची '4 एकर्स' आहे, आणि ती इतकी हलकी, नाजूक लागते की जुन्या वेली म्हणजे दणदणीत वाइन हा समज तिथेच गळून पडतो. या बाटल्याही स्वस्त नाहीत. चार-सहा जणांनी मिळून एक घेणं, किंवा बाटलीतून सुईनं थोडी थोडी वाइन काढून पेल्यावर विकणारा एखादा वाइन बार शोधणं, हा शहाणपणा.

मग हेन्श्कींचीच 'माउंट एडलस्टोन'. हाही एकाच मळ्याचा शिराझ, 1912 मध्ये लावलेला, आणि सिरिलनं 1952 पासून, म्हणजे हिल ऑफ ग्रेसच्याही आधी, वेगळा काढलेला. किंमत साधारण चौथा हिस्सा. मला विचाराल तर बहुतेकांनी इथेच थांबलं तरी काही बिघडत नाही. शंभरी ओलांडलेल्या वेली, तेच हात, आणि कमी दडपण.

जाता जाता: पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन वाइन कंपनीच्या 'ग्रेंज'शी हिल ऑफ ग्रेसची कायम तुलना होते. पण ग्रेंज वेगवेगळ्या भागांतली द्राक्षं एकत्र करून घडवतात, घराची एक चव दरवर्षी राखण्यासाठी. हिल ऑफ ग्रेस एकाच मळ्याची, त्यामुळे ते वर्ष जसं गेलं तशी. दोन्ही थोर, पण जातकुळी वेगळी.

पायरी चौथी: विकत घेताना

नवी बाटली हंगामानंतर साधारण पाच वर्षांनी बाजारात येते. ती थेट वायनरीकडून किंवा नावाजलेल्या दुकानातून घेतली तर काळजीचं कारण नाही. जुन्या वर्षाची हवी असेल तर लिलाव, आणि तिथे डोळे उघडे ठेवायला लागतात. ऑस्ट्रेलियात लँग्टन्स हे यातलं मोठं नाव. त्यांच्याच वर्गीकरणात ही वाइन सगळ्यात वरच्या श्रेणीत असते. बोली जिंकल्यावर वर खरेदीदाराचं कमिशन द्यावं लागतं, ते आधीच हिशेबात धरा.

फोटोत पहिल्यांदा वाइनची पातळी बघा. उभ्या बाटलीत वाइन मानेत असेल तर उत्तम. वीस-तीस वर्षांच्या बाटलीत मान संपते तिथपर्यंत उतरलेली चालते. पण खांद्याच्या मध्यावर किंवा खाली गेली असेल तर बुचातून हवा आत गेलीय, सोडून द्या. बुचावरच्या आवरणाखालून ओघळाचे डाग, वर आलेलं बूच, ही गरमीत राहिल्याची खूण. लेबल मळकं असेल तर मात्र घाबरू नका. दमट तळघरात ते होतंच, आणि दमट तळघर बुचाला मानवतं.

बाटली इतकी वर्षं कुठे होती हे विचारा. उत्तर मिळत नसेल तर बोली कमी करा किंवा लावूच नका. आणि हे लक्षात ठेवा: 1974 आणि 2000 या वर्षांची हिल ऑफ ग्रेस निघालीच नाही. त्या वर्षाची बाटली कोणी दाखवली तर तिथून निघा.

पायरी पाचवी: ठेवणं

अंधार, 12 ते 14 अंश, हलवाहलव नाही. बूच असेल तर आडवी. अलीकडच्या वर्षांच्या बाटल्यांना कॉर्कऐवजी स्क्रू कॅप किंवा काचेचं बूच दिसेल, त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवायची असेल तर मुळात घेऊच नका. तापमानाच्या रोजच्या चढउतारानं दोन-तीन उन्हाळ्यांत तिची वाट लागते. आणि स्क्रू कॅप बघून नाक मुरडू नका. बुचाच्या बुरशीनं ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागून महागडी बाटली वाया जाण्याचा धोका त्यानं जवळजवळ संपलाय.

चांगल्या वर्षाची बाटली वीस, तीस वर्षंही सहज टिकते. दहाच्या आत उघडली तर फळ आणि पिंपाच्या लाकडाचा वास पुढे असतो, वीसनंतर चामडं, माती, वाळलेली पानं. कुठलं आवडेल ते तुमच्या जिभेवर आहे. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, असं नसतं.

पायरी सहावी: उघडणं

जुनी, बुचाची बाटली असेल तर एक-दोन दिवस आधी उभी करा, म्हणजे आडवी असताना कडेला बसलेला गाळ सरकून बुडाला जाईल. सोळा ते अठरा अंशाला प्यायची आहे. 'खोलीच्या तापमानाला' हा सल्ला थंडगार दगडी घरांच्या काळातला. तीस अंशाच्या खोलीत ठेवलेल्या वाइनमधून अल्कोहोलच नाकात शिरतं. तेव्हा गरज पडल्यास अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायला लाजू नका.

जुनं बूच मऊ, भुसभुशीत झालेलं असतं. नेहमीचा स्क्रू घातला तर मधूनच तुकडे पडतात. त्यासाठी दोन पात्यांचा चिमट्यासारखा बूच-काढा मिळतो. लांब पातं आधी, बूच आणि काचेच्या फटीत डोलवत डोलवत आत सरकवायचं, मग दोन्ही बाजूंनी दाबून, पिळत पिळत वर ओढायचं. घाई केली तर बूच आत ढकललं जातं. गेलंच तर शांतपणे बारीक गाळणीतून ओता, वाइन बिघडत नाही. तोंडाशी आतून बाहेरून स्वच्छ कापड फिरवा.

आता डिकँटर, म्हणजे वाइन ओतून घ्यायचं काचेचं भांडं. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा मोबाइलचा दिवा धरा आणि एकाच धारेत, न थांबता, हळू ओता. थांबून बाटली सरळ केली की गाळ ढवळलाच. शेवटी मानेत काळसर धुरासारखी रेघ चढताना दिसेल, तिथे हात थांबवा. मागे दोन-तीन घोट उरतील, त्यांचा मोह सोडा.

वीस-पंचवीस वर्षांच्या पुढची वाइन डिकँटर केल्यावर लगेच प्या. तिला फार हवा सोसत नाही, तासाभरात वास उतरायला लागतो. आठ-दहा वर्षांची असेल तर उलट, दोन तास मोकळी सोडा. दर अर्ध्या तासानं एक छोटा घोट घेऊन बघत राहा. ती कशी उलगडते हे बघण्यातच अर्धी मजा आहे.

पायरी सातवी: चाखणं

माणसं सहा-सात असावीत. प्रत्येकाच्या वाट्याला शंभर-सव्वाशे मिलिलिटर येतात आणि बोलायला सोबत मिळते. पेला मोठ्या पोटाचा, एक तृतीयांशापेक्षा कमी भरलेला. त्या संध्याकाळी अत्तर, उदबत्ती आणि खूप तिखट जेवण, तिन्ही बाजूला ठेवा. तिखटानं तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जिभेला जास्त बोचतात.

पेला न हलवता आधी वास घ्या, मग हलवून. काळी फळं आणि आलुबुखार कोणालाही सापडतात. त्यांच्या मागे काय आहे ते शोधा. या मळ्याच्या वाइनमध्ये मसाल्याचा वास वारंवार येतो: चक्रीफूल, लवंग, मिरी, आणि त्यात तमालपत्रासारखं काही तरी हिरवट, सुकं. अभ्यासकही हिच्याबद्दल बोलताना पंचमसाल्याचा उल्लेख करतात. मसाल्याच्या डब्याशी ज्याची रोज गाठ पडते त्याला हे वास ओळखायला परकी शब्दावली पाठ करायची गरज नाही, डब्यातली नावंच वापरा.

मग घोट. इथे चवीपेक्षा स्पर्शाकडे लक्ष द्या. तुरटपणा दातांमागे खरखरीत लागतो की मखमलीसारखा पसरतो? चांगल्या जुन्या वेलीच्या वाइनमध्ये तो भरपूर असूनही बारीक दळलेला असतो. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते मोजा. तिसऱ्या पायरीवरची साधी शिराझ दहा-पंधरा सेकंदांत ओसरते. हिची चव तुम्ही बोलायला लागलात तरी मागे चालूच असते, आणि शेवटाकडे गोडवा न येता पुन्हा मिरी आणि आंबटपणा वर येतो. खालून वर चढत आलेल्याला हा फरक कळतो आणि थेट वर उडी मारलेल्याला नाही, म्हणून तर मी सुरुवातीपासून पायऱ्यांच्या मागे लागलोय.

आवडली नाही तर तसं म्हणा. हजार डॉलरचा मान राखायला खोटं बोलायची गरज नाही.

पायरी आठवी: प्रत्यक्ष जायचं असेल तर

वायनरी काइनटन गावाजवळ आहे, ॲडलेडहून गाडीनं साधारण दीड तास. आधी वेळ ठरवून जा. चाखताना थुंकदाणी बिनदिक्कत वापरा, तिथे ती सगळेच वापरतात. ऑस्ट्रेलियात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोलची मर्यादा 0.05 टक्के आहे, आणि नव्या परवान्यावर तर शून्य. गाडी कोण चालवणार हे सकाळीच ठरवा.

मळ्याच्या कुंपणाबाहेरून फोटो काढा, पण न विचारता आत पाऊल टाकू नका. फायलॉक्सेरा बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या मातीतूनही प्रवास करू शकते. आदल्या काही दिवसांत तुम्ही व्हिक्टोरियातले मळे फिरून आला असाल तर तसं स्वतःहून सांगा, आणि तेच बूट घालून येऊ नका. परवानगी मिळाली तर कदाचित बुटांवर घालायला आवरणं देतील किंवा औषधाच्या पाण्यात तळवे बुडवायला लावतील. कुरकुर न करता बुडवा.